राजीनाम्याच्या आधीची कामं: कायम नोकरी सोडू पाहणाऱ्या पंचविशी-तिशीतल्यांसाठी

हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली, कुठल्याही आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर संध्याकाळी चहाला थांबलात तर "बास झालं, सोडतो आता" हे कानावर पडतंच. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण सोडत नाहीत. जे सोडतात त्यातले काही जण वर्ष व्हायच्या आत पुन्हा मुलाखती देताना दिसतात. त्यांना काम येत नव्हतं असं नसतं. कामाचे पैसे यायच्या आधी हातातले पैसे संपलेले असतात.

सोडायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. ठरलं असेल तर कामांचा क्रम कसा लावावा ते पुढे लिहिलंय. क्रमावर एवढा जोर देतोय, कारण यातली निम्मी कामं नोकरीत असतानाच होतात. राजीनामा मंजूर झाल्यावर ती एक तर महाग पडतात, नाहीतर होतच नाहीत.

आधी पगारपत्रक उलगडा

कायम नोकरी म्हणजे सात-आठ वस्तूंचा एकत्र बांधलेला गठ्ठा आहे: महिन्याचा पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखान्याचा विमा, भरपगारी रजा, बँकेतली पत आणि लग्नाच्या बाजारातलं वजन. गठ्ठा सोडला की यातली प्रत्येक वस्तू वेगळी विकत घ्यावी लागते. म्हणून पहिल्या संध्याकाळी स्वप्नांची यादी न करता पगारपत्रक आणि नेमणूक पत्र समोर घेऊन बसा.

समजा, एका मुलीचं सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर करते तो एकूण खर्च, वर्षाला ७ लाख २० हजार आहे, म्हणजे महिन्याला ६० हजार. बेसिक ३० हजार. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ ३,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी १,४४३, गटविम्याचा हप्ता साधारण ९५७. हे वजा जाता ढोबळ पगार ५४ हजार. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात येतात ५०,२००.

आता स्वतंत्र काम करायचं म्हटल्यावर ती काय हिशोब करते? ५०,२०० भागिले ३०, म्हणजे दिवसाला १,६७३. मग 'दोन हजार रुपये रोज घेतले तरी फायद्यात' असं मनाशी म्हणून पहिल्याच ग्राहकाला तो दर सांगून मोकळी होते. इथेच सगळं बिघडतं.

खरा हिशोब असा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवार १०४ गेले. सणवार, आजारपण आणि रजा मिळून आणखी तीसेक दिवस. उरले २३०च्या आसपास. या सगळ्या दिवसांचं बिल लागत नाही. काम शोधणं, अंदाजपत्रक पाठवणं, "सर, पेमेंटचं काय झालं" असे फोन करणं, यात सुरुवातीला चाळीस टक्के वेळ जातो. बिल लागणारे दिवस उरतात १४०. तिला नोकरीइतकंच कमवायचं असेल तर ७ लाख २० हजार अधिक लॅपटॉप, इंटरनेट, सॉफ्टवेअर, प्रवास यांचे ८० हजार धरून ८ लाख. भागिले १४०. दिवसाचा दर पावणेसहा हजारांच्या जवळ जातो.

१,६७३च्या दराने १४० दिवसांचे होतात २ लाख ३४ हजार, म्हणजे महिन्याला वीस हजारसुद्धा नाहीत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित करून दिवसाचा दर कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजारात तो दर मिळत नसेल, तर ते आत्ता, पगार चालू असताना कळलेलं बरं.

काय करायचं, हे थोडक्यात

वाटा तशा मोजक्याच आहेत. जे येतं तेच स्वतंत्रपणे विकणं, ठरावीक मुदतीचं कंत्राट, अर्धवेळ नोकरी अधिक स्वतःचं काम, छोटा धंदा, किंवा गावाकडे शेती आणि तिला जोडून काही. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष जे आधीपासून येतं तेच विका. बँकिंग सॉफ्टवेअर तपासणाऱ्याने तेच काम तीन छोट्या कंपन्यांसाठी करावं आणि कॅफेचं स्वप्न बाजूला ठेवावं. कॅफेत डिपॉझिट, फर्निचर आणि मशीन यांचे पैसे पहिला कप विकायच्या आधी जातात, आणि धंदा बसला तर त्यातले फारच थोडे परत येतात.

गावाकडे जायचं असेल तर शेतीचं उत्पन्न पहिल्या वर्षाच्या हिशोबात धरू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०चं आहे, नोंदणीही होते, पण येणारा पाहुणा रस्ता, संडास आणि जेवण बघून येतो.

सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. ही मर्यादा दिलासा वाटते, पण 'अजून वय आहे' हे वाक्य माणसाला पाच-सहा वर्षं सहज बसवून ठेवतं. परीक्षा सोडायची नसेल तरी कितवा प्रयत्न शेवटचा हे घरच्यांसमोर सांगून ठेवा, आणि त्याआधीच अर्धवेळ कमाई सुरू करा. शिकवणी, चाचणीमालेचे प्रश्न काढणं, मराठी-इंग्रजी भाषांतर, सेवा केंद्र चालवणं, यासाठी लागणारी तयारी अभ्यासात झालेलीच असते. आणि परिचयपत्रात त्या वर्षांची रिकामी जागा ठेवू नका. काय केलं ते सरळ लिहा.

नोकरीत असतानाच चाचणी, पण नेमणूक पत्र वाचून

निदान दोन ग्राहकांनी पैसे देऊन काम घेतल्याशिवाय राजीनामा देऊ नये. मित्रांनी केलेलं कौतुक यात धरू नका.

यातला धोका मात्र ओळखा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं तिच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं होतं. तुमच्या नेमणूक पत्रात 'इतर कोणतंही काम करणार नाही' असं कलम असेल तर मनुष्यबळ विभागाकडून लेखी परवानगी मागा. काही कंपन्या देतात. परवानगी मिळाली नाही तर चाचणी बिनपैशाची ठेवा: नमुन्याचं काम तयार करा, दर विचारून घ्या, "फेब्रुवारीपासून मोकळा आहे" असं सांगून शब्द घेऊन ठेवा. दोन्हीकडे पीएफ कापला जाईल असं काम तर करूच नका, एकाच यूएएनवर (पीएफच्या कायम खाते क्रमांकावर) दोन्ही नोंदी दिसतात. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःची एक ओळही लिहू नका. त्यावर तयार झालेल्या कामावर कंपनी हक्क सांगू शकते, आणि मेल कोण वाचतं हे तुम्हाला माहीत नसतं.

विमा आधी, राजीनामा नंतर

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. कंपनीचा गटविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्याच्यासोबत आई-बाबांचंही संरक्षण जातं. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. बाबांना मधुमेह असेल तर हे तीन वर्षांचं घड्याळ जितक्या लवकर चालू होईल तितकं बरं. म्हणजे पॉलिसी राजीनाम्याच्या निदान चार-सहा महिने आधी हवी.

गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते, आणि त्यात आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. त्यासाठीचा अर्ज सेवा संपण्याआधी करावा लागतो. मनुष्यबळ विभागातलं कोणी हे आपणहून सांगायला येत नाही, तुम्हीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे हप्ता पूर्वीइतका बोचत नाही. घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर टर्म विमाही याच वेळी काढा. पगारपत्रक हातात असताना उत्पन्नाचा पुरावा द्यायला सोपं जातं.

क्रेडिट कार्डाचंही तेच. लागणार असेल तर आत्ता घ्या. गृहकर्जासाठी मात्र हा तर्क लावू नका. पगारावर कर्ज मंजूर करून घेऊन दोन महिन्यांनी नोकरी सोडणारे असतात, आणि मग हप्त्यासाठी मिळेल ते काम मिळेल त्या दराने घेत बसतात. स्वतंत्र झाल्यावर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. तोवर भाड्याच्या घरात राहायची तयारी ठेवा.

किती पैसे साठवायचे

'सहा महिन्यांचा खर्च' हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. मला ते कमी वाटतं. पहिला महिना काम ठरवण्यात जातो, दुसरा करण्यात, महिनाअखेर बिल जातं आणि पैसे त्यानंतर दीड महिन्याने. म्हणजे पहिली रक्कम चौथ्या महिन्यात, तीही एकाच ग्राहकाची. कर्जाचा हप्ता नसेल तर नऊ महिन्यांचा, असेल तर वर्षाचा खर्च बाजूला हवा. वरच्या उदाहरणातल्या मुलीचा पुण्यातला खर्च घरी पाठवायच्या पैशांसह २८ हजार असेल तर नऊ महिन्यांचे होतात २ लाख ५२ हजार. हे पैसे मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवा, शेअरमध्ये नको.

यात पीएफ मोजायचा नाही. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो, आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर टीडीएसही, म्हणजे पैसे देतानाच कर, कापला जातो. जुन्या कंपनीतली वर्षं पीएफ हस्तांतरित केला असेल तर या पाचात धरली जातात, म्हणून आधीची खाती एका यूएएनखाली आणून ठेवा. शिवाय नोकरी गेल्यावर पूर्ण रक्कम काढण्यासाठी पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ती मुदत बारा महिने करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे 'अडलं तर पीएफ आहेच' या भरवशावर पूर्ण विसंबता येत नाही.

ग्रॅच्युइटीची तारीखही बघा. कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षांनंतर मिळते. हिशोब सोपा आहे: बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ३० हजार बेसिकवर पाच वर्षांचे साधारण साडेशहाऐंशी हजार होतात. साडेचार वर्षांनी तडकाफडकी निघणारा माणूस तीन महिन्यांचा खर्च टेबलावर ठेवून जातो.

घरी सांगताना

इथे आकडे उपयोगी पडतात, भावना फारशा नाहीत.

"म्हणजे नोकरी सोडणार?"

"एकदम नाही बाबा. जानेवारीपर्यंत आहे. आणि दोन ठिकाणचं काम ठरलंय."

"आणि पेन्शनचं काय?"

हा प्रश्न येणारच, तर उत्तर तयार ठेवा. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना बाबांच्या पिढीसारखी जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. खासगी नोकरीतलं ईपीएसचं (पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचं) पेन्शन साधारणपणे १५ हजारांच्या मर्यादेवर मोजतात: पगार गुणिले वर्षं भागिले ७०. सलग ३५ वर्षं नोकरी केली तरी महिन्याला साडेसात-आठ हजार. हा हिशोब बाबांसमोर कागदावर मांडा. मग पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये दरमहा किती टाकणार तेही त्याच कागदावर लिहा, नुसतं 'पेन्शन तसंही कमीच आहे' म्हणून सुटका नाही. घरी कोणी गिरणगावातलं असेल तर १९८२च्या संपानंतर कायम नोकऱ्यांचं काय झालं हे त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही.

लग्नाचं वय असेल तर आईची काळजी वेगळी असते, आणि ती खोटी नाही. स्थळं बघताना 'स्वतःचं काम करतो' याला 'सध्या काही करत नाही' असंच वाचलं जातं. दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं हातात आली की तीच मंडळी 'बिझनेस आहे' म्हणतात.

निघताना

नोटीस पूर्ण करा. ती पैसे भरून तोडण्याइतकी घाई बहुतेकदा नसते. शेवटच्या आठवड्यात घ्यायची कागदं: कार्यमुक्ती पत्र, अनुभव पत्र, सगळी पगारपत्रकं, आणि कंपनीच्या मेलवर अडकलेली वैयक्तिक कागदपत्रं. फॉर्म १६ नंतर येतो, त्यासाठी स्वतःचा मेल देऊन ठेवा. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते तपासा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. हिशोब पूर्ण करून पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यावेत असं नवी वेतन संहिता सांगते. तुम्ही आपलं महिना-दीड महिना धरून चाला. पगाराचं खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक नसेल तर दंड लागू शकतो, तेही लक्षात असू द्या.

कागदपत्रं: कुठली लागतात, कुठली नाहीत

पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढू नका. भागीदार आणि गुंतवणूकदार नसताना तिचा वार्षिक अनुपालनाचा खर्च म्हणजे फुकटचा भुर्दंड. एकल मालकी पुरते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधी करा. आधारवर होते, ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. छोट्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र यावर चालू खातं उघडतं. सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, नुसत्या मालाच्या विक्रीला ही मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे.

आणि एक कर सगळे विसरतात: व्यवसाय कर. नोकरीत तो कंपनी कापायची. स्वतंत्र झाल्यावर महाराष्ट्रात पीटीईसी (स्वतःच्या व्यवसाय कराची) नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे असतात. नोटीस आल्यावर आठवण होण्यात अर्थ नाही.

आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए. अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशोबनिशी, वकिली, वैद्यकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान अशा ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या ५० टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांची. लेखन, डिझाइन यांसारखी कामं यादीत थेट नाहीत, तिथे सीएला एकदा हजार-दीड हजार देऊन विचारून घ्या. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, सीएशी बोलताना गोंधळू नका.

व्यवहारात जाणवते ती टीडीएसची कात्री. व्यावसायिक शुल्कावर मोठा ग्राहक साधारण १० टक्के कापून देतो. दहा लाखांची कामं केली तर लाखभर रुपये सरकारकडे जातात. ५ लाख नफ्यावर नव्या करप्रणालीत कर शून्य येतो आणि लाख परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर. नऊ महिन्यांचा साठा ठरवताना हे धरलं नसेल तर तिथे फट पडते.

पैसे वसूल करणं

पहिल्या कामाच्या आधी एका पानाचं लेखी ठरवा: काय देणार, किती फेरबदल मोफत, कधी पैसे. व्हॉट्सअॅपवर 'ओके' आलं तरी त्याची मेल करा. तीस-चाळीस टक्के आगाऊ मागा. ओळखीतल्यांकडून तर नक्कीच मागा, ओळखीतलेच जास्त रखडवतात.

बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्याहून मोठा धाक आयकराचा: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहक कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा दाखवता येतो. त्यामुळे मार्चच्या आसपास लेखा विभागातली माणसं उद्यम क्रमांकाची बिलं आधी वेगळी काढतात. तुमचं बिल त्या गठ्ठ्यात असलं पाहिजे, म्हणजे कामाच्या आधीच नोंदणी झालेली हवी. अगदीच दाद लागली नाही तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते.

छोट्या धंद्याला भांडवल हवं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन केंद्राची कर्ज-अनुदान योजना पीएमईजीपी आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्ही विचारा. पीएमईजीपीत अनुदान १५ ते ३५ टक्के असतं, पण ते रोख हातात पडत नाही; तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं. 'पस्तीस टक्के फुकट' म्हणून फाईल करून देणारे दलाल एवढंच सांगायचं टाळतात.

परतीची रेघ

सुरू करतानाच एक तारीख आणि एक आकडा लिहून ठेवा. उदाहरणार्थ, अठराव्या महिन्यापर्यंत सलग तीन महिने खर्चाइतकी जमा झाली नाही, किंवा साठा तीन महिन्यांच्या खर्चावर आला, तर नोकरीला अर्ज सुरू. शून्यावर आल्यावर अर्ज करणाऱ्याला पगार ठरवताना मान खाली घालावी लागते. मधल्या काळात केलेली कामं ग्राहक, काम आणि परिणाम अशा तीन ओळींत परिचयपत्रात लिहा. बिलं आणि विवरणपत्रं जपून ठेवा, पार्श्वभूमी तपासणीत तीच पुरावा म्हणून चालतात.

नव्या नोकरीत जुनाच यूएएन द्या, दुसरा काढू नका. ईपीएसची रक्कम निघताना काढून न घेता योजना प्रमाणपत्र घेतलं असेल तर आधीची वर्षं पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत जमा धरली जातात.